माइक माझ्या कॉलरला

मी टिवल्या बोलतोय. म्हणजे बोलतात आमचे काका, पण आवाज माझाच, असं मी आज सकाळपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

मी लाकडी बाहुला. जबडा काकांनी तासला, कोट काकूंनी जुन्या पडद्याचा शिवला. पाठीत भोक, त्यात काकांचा हात. शाळांमध्ये, वाढदिवसांना मी काकांची भर सभेत टर उडवायचो. "काका, टक्कल झाका, माझे डोळे दिपतायत!" लोक पोट धरून हसायचे. मग हळूहळू बोलावणी आटली. पेटीत ठेवताना काका मला "सॉरी रे" म्हणायला लागले, आणि माझ्या काळजात चर्र व्हायचं.

एक दिवस पुतणी आली. तिला विनोदी सिनेमा काढायचा होता, तोही काकांवरच. मित्रांचा कंपू, घरातलेच दिवे, नट म्हणजे काका आणि मी. काका दाढी करताना पुन्हा गुणगुणायला लागले. काकूंना म्हणाले, "लोकांना टिवल्या आवडला तर खेळ परत सुरू करू. नाहीतर त्याला माळ्यावर टाकू." मी पेटीत गारच पडलो.

आवाज टिपणाऱ्या दाढीवाल्याकडे माइक एकच. त्यानं पाहिलं, बोलतंय कोण? टिवल्या. झालं, माइक माझ्या कॉलरला! काकांचे ओठ हलतच नाहीत, मग त्याच्या तरी डोक्यात कसं येणार? काकांनी पाहिलं आणि उलट माझी कॉलर सरळ केली. त्यांना ती शाबासकी वाटली.

शूटिंग संपल्यावर सगळे ऐकायला बसले, तर नुसती खटखट! माझ्याच जबड्याची. काकांचे शब्द कुठेतरी लांब, विहिरीच्या तळाशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळी पांगली होती, पुन्हा शूटिंग शक्य नव्हतं. पुतणीनं काकांना आवाज भरायला स्टुडिओत नेलं. नुसता आवाजच हवाय, बाहुला कशाला, म्हणून मी घरी. काका रिकाम्या हातानं माइकसमोर उभे राहिले आणि त्यांच्या घशातून मी काही केल्या निघेना. शेवटी पुतणीनं माझ्या तोंडी दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज घातला.

हे मला ठाऊकच नव्हतं. सिनेमा दाखवला तेव्हा मी काकांच्या मांडीवर होतो. पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि आतून कुणीतरी परका, घोगरा गडी बोलायला लागला. मी हादरलो. सभागृह मात्र खदाखदा हसत होतं.

नंतर लोकांनी आम्हाला मंचावर ओढलं. काकांनी पाठीत हात घातला, मी माझ्या आवाजात बोललो. पुढच्या रांगेतली एक बाई अगदी प्रेमानं म्हणाली, "सिनेमातला आवाज खरा वाटत होता. हा कुणीतरी काढल्यासारखा वाटतो."

काकांचा हात माझ्या आत सैल पडला.

आज सकाळी त्यांनी माळ्याला शिडी लावली. सगळ्यांना टिवल्या आवडला होता, पण तो काकांचा टिवल्या नव्हता. काकूंनी मला मांडीवर घेतलं आणि काकांना नाही, मलाच विचारलं, "टिवल्या, तुला कसा वाटला रे सिनेमा?"

काका शिडीवर, पाठमोरे. खोलीत माझा आवाज आला: "काकू, तोंड माझंच होतं हो, पण आत कोण मेला शिरला होता, देव जाणे!"

माझा जबडा बंद होता. पाठीत कुणाचाही हात नव्हता. आपल्याच घशातून निघालेल्या आवाजानं दचकून काकांनी शिडी घट्ट धरली. काकू तोंडावर पदर धरून हसतायत की रडतायत, मला कळेना.

म्हणजे तो आवाज माझा नव्हताच कधी. माझ्यावाचूनही निघतो तो! मी अजून सावरलेलो नाही.

पण काका, खाली या. तोंड अजून माझ्याकडेच आहे.