एकतीस नंबरची चव

चाळीस झाडं, नऊ वर्षं, आणि निर्णय आज दुपारी.

रानटी नाशपातीला करपा रोग शिवत नाही. पण फळ असं तुरट की पाखरूही एकदाच चोच मारतं. तिची ती ताकद गोड नाशपातीत उतरावी म्हणून मी फुलाफुलाला ब्रशानं तिचे पराग लावले. रोपं कोवळी असतानाच पानाचा तुकडा घेऊन करपा रोखणारा जनुक तपासला. ज्यांच्यात तो उतरला ती चाळीसच राखली. आता फळं धरली होती. संशोधन केंद्राच्या साहेबांना जागा हवी होती. तीन झाडं ठेवायची, बाकीच्यांवर करवत. चव मी सांगायची.

आणि हिवाळ्यातल्या तापापासून मला वासच येत नव्हता. जिभेला गोड-आंबट कळे, त्यापलीकडे सगळा ओला पुठ्ठा. नऊ वर्षं जिची जीभ प्रमाण, तिनं हे कोणत्या तोंडानं सांगावं?

पण प्रयोगशाळेतलं काचसामान धुणाऱ्या मावशींपासून काय लपतं!

"बाई, शेगडीवर दूध लागलंय, खोलीभर वास, आणि तुम्ही शेजारी ढिम्म! कधीपासून हे?"

मी शेगडी बंद केली. "हिवाळ्यापासून," मी म्हटलं.

त्यांनी हात पुसले, स्टूल ओढलं. "आणा ती फळं. मी खाते, तुम्ही लिहा."

"सतरा नंबर?"

"साखरेत बुडवलेलं लाकूड."

"बावीस?"

"जिभेला टाके घातले मेल्यानं."

एकतीसला मावशींचा हात थांबेना. एक फोड संपली, दुसरी संपली, मनगटावर ओघळलेला रसही सुटला नाही. "आधी गोड लागतं बाई, मग फुलासारखा वास वर चढतो. गिळलं तरी जात नाही. माहेराहून निघालेली लेक उंबऱ्यात रेंगाळते ना, तसं."

दुपारी साहेबांनी कागद पाहिला. "यंत्रात एकतीसची साखर सगळ्यांत कमी. आणि तुम्ही त्याला पहिलं ठेवता? असं काय आहे त्यात?"

मावशींचे शब्द माझ्या ओठांवर आले. पण ते माझे म्हणून सांगणं जमेना.

"साहेब, ही चव मावशींची आहे. मला हिवाळ्यापासून वास येत नाही."

साहेब उठले. मग आत जाऊन सहा बशा घेऊन आले. सोललेल्या फोडी, नंबर झाकलेले. मावशींना बोलावलं. एक चूक, की एकतीस गेलं, पाठोपाठ मीही.

मावशी प्रत्येक फोडीनंतर चूळ भरत होत्या. "हे लाकूड. हे टाके. हे बरं, पण वासाला पोकळ." चौथ्या बशीशी हसल्या. सहावी चाखली आणि पुन्हा चौथीकडे वळल्या. "साहेब, ही दोन्ही एकाच झाडाची. माझं लाडकं ते. म्हातारीला चकवता होय?"

साहेबांनी नंबर उघडले. चौथी एकतीस. सहावीही एकतीस. उरलेली फोड त्यांनी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिले.

"हे राहील, तुमच्या यादीतली पुढची दोनही," ते म्हणाले. "चव घेणाऱ्याच्या रकान्यात मावशींचं नाव लिहा. आणि तुम्ही डॉक्टरकडे जा. नाक रुसलंय, हात नाही. पुढच्या फुलांना पराग कोण लावणार?"

बाहेर मी मावशींचे साबणानं खरखरीत झालेले हात धरले. "हे उपकार कसे फेडू?"

"फेडायचं कसलं! चाळीस झाडांची फळं पोटात गेली, आज घरी स्वयंपाकाला सुट्टी."

संध्याकाळी आजूबाजूची झाडं एकेक आडवी झाली आणि एकतीसवर प्रथमच चारी बाजूंनी ऊन पडलं. मी खोडाला हात लावला. आभार मानायला सुरुवात केली ती त्या रानटी, तुरट नाशपाती-आजीपासून. मावशींपर्यंत पोचता पोचता अंधारून आलं.