मी कमी खाते

मिल्ड्रेड हॅस्किन सलग तिसऱ्या रविवारी आगगाडीने हार्विचला आली. गुडघे दुखत होते. घरी वरची खोली तयार होती, पलंगावर बाहुल्यांच्या चित्रांची चादर घातलेली होती. पण मनासारखं मूल काही मिळत नव्हतं.

तिथल्या समुद्रकाठच्या उन्हाळी छावणीत, ऐन फेब्रुवारीत, ज्यू मुलं अंगात कोट ठेवूनच जेवायला बसली होती. नाझींच्या हातून वाचावीत म्हणून आईबापांनी काळजावर दगड ठेवून त्यांना एकटीच इंग्लंडला जाणाऱ्या गाडीत बसवून दिलेली. त्यांच्या टेबलांमधून, घरी सांभाळायला न्यायचं मूल निवडत, पाहुण्या बाया हिंडत होत्या.

"ही गोड आहे गं."

"दात बघ आधी."

मिल्ड्रेडला पाच-सहा वर्षांची, सोनेरी केसांची मुलगी हवी होती. तशा केव्हाच गेल्या होत्या. दमून ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकली. आत म्हातारी स्वयंपाकीण एडा बटाटे सोलत होती.

"आजही रिकाम्या हाताने जाणार का, बाई?"

"काय करू? उरल्यात त्या सगळ्या मोठ्या."

"मोठ्यांना तिकडे मार कमी पडतो होय?" एडाने सुरीने एका टेबलाकडे खूण केली. "ती चष्मेवाली बघा. हेर्था. चौदाची आहे. सहा आठवडे झाले, दर रविवारी वेण्या घालून बसते."

तेवढ्यात बायांची पाठ वळलेली पाहून हेर्थाने स्वतःच्या गालांना चिमटे काढले. गाल लाल दिसावेत म्हणून.

मिल्ड्रेड जागीच थबकली. चौदाव्या वर्षी ती स्वतः लिंकनशायरच्या नोकर-बाजारात हातात झाडू घेऊन उभी होती. शेतकऱ्यांच्या बायका येत, दंड चाचपत आणि पुढे जात. तिनेही तेव्हा असेच गाल चिमटले होते. आणि आज दंड चाचपणारी ती होती!

ती हेर्थापाशी गेली. मुलगी ताडकन उठली आणि पाठ केलेलं इंग्रजी बोलून गेली, "मला भांडी घासता येतात. मी आजारी पडत नाही. मी कमी खाते."

"कुणी शिकवलं हे?"

"आईने. स्टेशनवर."

तिच्या ताटात अर्धा बटाटा मुद्दाम टाकलेला होता. मिल्ड्रेड शेजारी बसली आणि तिने ताट हेर्थाकडे सरकवलं.

"आधी पोटभर जेव, बाळ. मला मोलकरीण नकोय. पलंग तेवढा आखूड आहे, पाय बाहेर येतील तुझे. चालेल?"

हेर्थाला सगळं समजलं नाही. तिने बटाटा मात्र संपवला.

"तिसऱ्या फेरीला का होईना, डोळे उघडले," एडा पुटपुटली.

अजून अकरा मोठी मुलं दाराकडे बघत बसली होती.

पुढच्या रविवारी मिल्ड्रेड पुन्हा गाडीत होती, गुडघे चोळत, दोन शेजारणींना बरोबर घेऊन. हार्विच येण्याआधीच तिने त्यांना बजावलं, "बायांनो, बुडत्याला हात देताना त्याचे नाक-डोळे बघू नका. निवडत बसलं की दयेचाही बाजार होतो. जे मूल मागे उरलं असेल, त्याचाच हात धरा."