राक्षस, बुटके आणि भगवती आत्याची माणसं

मित्रांनो, मी चार जमातींची जननी आहे. राक्षस माझ्यातून निघाले, बुटके माझ्यातून निघाले, झाडांवर राहणारी हिरवी माणसंही माझ्यातूनच. तसं पाहिलं तर मी एक जुनी ऐंशी पानी वही आहे. त्रियोले गावच्या चिनी दुकानात खारवलेल्या माशांच्या फळीखाली मी दोन वर्षं पडून होते. त्यामुळे सुरुवातीला माझ्या राक्षसांनाही बोंबलाचा वास यायचा.

१९८३ साली कृष्णदेवाने मला घरी आणलं. तो पोर्ट लुईत सरकारी कारकून. इंग्लंडहून आलेल्या एका सहकाऱ्याकडे त्याने नवाच खेळ पाहिला होता. प्रत्येकाने एक जमात निवडायची, फासे टाकायचे आणि काल्पनिक बेटावर राज्य करायचं. नियमांचं पुस्तक काही मिळालं नाही, म्हणून नियम त्याने स्वतःच माझ्यात लिहिले. हाडाचा कारकून तो! पहिलाच नियम असा: जिचं मूळ नोंदलेलं नाही, ती जमात खेळात नाही.

रविवारी जेवणं उरकली की मंडळी व्हरांड्यात बसत. कृष्णदेवाने लिहिलं, राक्षस मोठ्या बोटीने आले. त्याच्या बायकोने, पुष्पाने सांगितलं, बुटके छोट्या बोटीने आले. बहीण इंद्राणी बराच वेळ विचार करून म्हणाली, "हिरवी माणसं बोटीने आली. झाडं सोबत आणली." आमच्या खऱ्या बेटावरही सगळ्यांचे पूर्वज बोटीनेच आलेले, त्यामुळे दुसरा मार्ग कोणाला सुचलाच नाही. मी काय बोलणार? माझा कागदसुद्धा बोटीनेच आला.

शेजारी भगवती आत्या भाजी निवडत होती. चाळीस वर्षं उसात खुरपणी केलेली बाई.

"मी बी खेळनार," ती म्हणाली.

"खेळ ना, आत्या. जमात कुठली?"

"साधी मानसं."

"कुठून आली?"

आत्याचा हात भाजीतच थांबला. महिन्याभरापूर्वीच ती सरकारी दप्तरात जाऊन आली होती. बरोबरच्या बायकांना उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेल्या पणजोबांचे कागद मिळाले, बोटीचं नाव, नंबर सगळं. आत्याच्या आजोबांची नोंदच निघाली नाही.

"माझ्याकडं पाप्ये नाय, कागुद नाय," ती म्हणाली. "तितं बी नाय म्हनले. आता तू बी म्हन."

कृष्णदेवाने पेनाचं टोपण लावलं. "नियम आहे, आत्या."

"अयो, दादा!" इंद्राणी उसळली. "तुझ्या राक्षसांचा पाप्ये तू आत्ता भात खाता खाता बनवलास!"

आत्या भाजी घेऊन उठली. दारात वळून म्हणाली, "येक सांग. तुमच्या तीन बोटी आल्या. किनाऱ्यावर दोरी कोनी धरली?"

कृष्णदेवाने माझी पानं उलटून पाहिली. मीही मनातल्या मनात पानं चाळली. खरंच, लिहिलेलं नव्हतं.

"ती माझी मानसं. कवा आली, ठाव नाय. तुमी आलात तवा हुभी व्हती. तुमी भुकेली व्हता, त्यांनी वाढलं."

कृष्णदेवाने टोपण काढलं आणि चौथं पान उघडलं. "आदी व्हती ती," आत्याने बजावलं. पहिल्या पानाच्या आधी वहीत पान नसतं. मग पुष्पाने उरलेला भात कुसकरला आणि माझ्या पहिल्या पानाआधी एक नवं पान चिकटवलं. मित्रांनो, त्या चमचाभर भाताची मी जन्माची ऋणी आहे.

पुढे पाच वर्षं खेळ चालला. माएबूर्गचे पाहुणे मला हाताळून वाहवा करून गेले. आत्या दर वेळी हरायची, कारण चाल करून आलेल्या सैन्याला ती आधी जेवू घालायची. मग इंद्राणी लग्न होऊन कार्तिए मिलितेरला गेली, फासे हरवले आणि मी कपाटावर चढले. तक्रार नाही. अधूनमधून आत्या मला खाली काढायला लावते. तिला वाचता येत नाही. पहिल्या पानावर बोट ठेवून विचारते, "हाय न्हवं?"

"आहे, आत्या," कृष्णदेव म्हणतो.

तेव्हा, मित्रांनो, कागद नसलेल्या माणसासाठी एक पान जोडत चला. आणि जमलं तर मला पाच मिनिटं उन्हात ठेवा. भाताला मुंग्या लागल्यात.