सात नंबरचा दांडा

'माझा प्रबंध तुम्ही चोरला. दोन वर्षं दाबून ठेवला आणि आता आपला म्हणून छापला.'

मोतीरामनं पत्राची ही सुरुवात लिहिली आणि पुन्हा वाचली. प्रबंध तपासणाऱ्या साहेबाचं नाव त्यानं मुद्दाम घातलं नाही. नाव घातलं की ती एका माणसाची चोरी होते, आणि यात अख्खं हापिस सामील आहे याची त्याला खात्री होती.

अमरावतीच्या कॉलेजात शिकवता शिकवता डॉक्टरेटसाठी त्यानं एक भाषा रचली होती. माणसांची नव्हे, यंत्राची. सिग्नल आणि रूळ फिरवणारे दांडे कधी मोकळे सोडायचे, कधी अडवायचे, याचे हुकूम नव्या यंत्राला कोणत्या शब्दांत द्यायचे, याची. त्या भाषेत घातकी हुकूम लिहिताच येणार नाही, असा त्याचा दावा. विद्यापीठातून प्रबंध तपासायला गेला रेल्वेच्या सिग्नल हापिसातल्या मोठ्या साहेबाकडे. पासष्टची दिवाळी गेली, सहासष्टची गेली. उत्तर एकच, तपासणी चालू आहे. एका कारकुनानं आडनाव विचारलं, ऐकलं आणि 'हो का' म्हणाला. त्या 'हो का'वर मोतीराम महिनाभर जळत होता.

आणि काल त्याचे वडील डोमाजी, अकोल्याच्या अलीकडच्या ठेसनावर दांडे ओढणारे केबिनमन, ड्यूटीवरून एक छापील तक्ता घेऊन आले. एक तारखेपासून चुकीचा दांडा ओढू न देणारे जुने लोखंडी अडसर काढून अकरा केबिनींत नवं यंत्र सुरू होणार होतं, त्याचे हुकूम. चिन्हं मोतीरामची, क्रम मोतीरामचा, समासातली चौकटसुद्धा त्याचीच. खाली नाव कोणाचंच नव्हतं.

"पुरावा पायजे," आई मनकर्णा चुलीपुढून म्हणाली. "सायेब म्हणन, मलेबी तसंच सुचलं."

पुरावा डोमाजींनीच काढला. तक्त्यावर बोट फिरवता फिरवता ते थांबले.

"सात कुठं हाये रे मोतीराम?"

सहानंतर थेट आठ. मोतीराम हसलाच. प्रबंधातही सात नव्हता. बापाच्या केबिनीत सात नंबरच्या दांड्याला रुळाकडे जाणारी तारच नव्हती. तो नुसता उभा, केबिनमन त्याला जेवणाचे डबे टांगत. लहानपणापासून मोतीरामनं त्यावर भाकरीचं फडकंच पाहिलं. प्रबंधासाठी दांडे मोजताना त्यानं तो मोजलाच नाही. साहेबानं चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली होती.

डोमाजी हसले नाहीत. "पुढच्या ठेसनावर म्या दोन महिने बदलीत काढले. तेबी या अकरात हाये. तिथं साताले तार हाये. मालधक्क्याचा रूळ त्याच्यावरच फिरते."

मोतीरामची लेखणी थांबली. यंत्राला सात ठाऊकच नाही, म्हणजे ते सात अडवणार नाही. पॅसेंजर येत असताना कोणी चुकून सात ओढला, तर गाडी सरळ धक्क्यावर उभ्या मालाच्या वाघिणींवर.

"मंग सांग त्याइले," डोमाजी म्हणाले.

काय सांगायचं? चूक माझी आहे, हे? म्हणजे प्रबंध खोटा, डॉक्टरेट गेली, आणि चोर साव. मोतीरामला तक्त्याखालची कोरी जागा आता वेगळीच दिसू लागली. ते नाव घालायचं कोणी विसरलं नव्हतं. गाड्या नीट धावल्या तर तिथं साहेबाची सही येणार. एखादी आदळली, तर कपाटातून प्रबंध निघणार आणि मोतीरामचं नाव येणार. त्याच्याही आधी धरणार दांडा ओढणाऱ्याला.

"तक्ता तुमी घरी आणला, बाबा. नोकरी जाईन तुमची."

"माही नोकरी मंधात घालू नको. गाडीत मानसं असतेत बाप्पा."

मोतीरामनं पहिला कागद फाडला नाही, बाजूला ठेवला. भांडण तो सोडणार नव्हता. दुसऱ्यावर त्यानं लिहिलं:

'तुमच्या तक्त्यात सात नंबरचा दांडा नाही. माझ्या प्रबंधातही नाही. ती चूक माझी आहे, सही करून कबूल करतो. डॉक्टरेट देऊ नका, पण एक तारखेला यंत्र सुरू करू नका. आणि ज्या प्रबंधाची तपासणी तुमच्याकडे अजून चालूच आहे, त्यातली चूक तुमच्या छापील तक्त्यात कशी आली, याचं लेखी उत्तर एक तारखेच्या आत द्या.'