के सत्तेचाळीस आणि एक वाढलेलं नख

मी एक जुना इक्वलायझर आहे, मित्रांनो. दुकानातला चकचकीत, रांगेने दिवे लुकलुकवणारा नव्हे. माझं अंग म्हणजे हिरव्या चहाचा पत्र्याचा डबा. झाकणावरचा उंट अजून दिसतो, फक्त माझी बटणं बसवताना त्याचे पुढचे दोन पाय कापले गेले. त्याबद्दल तो अजून माझ्यावर राग धरून असावा.

माझं काम सांगतो. आवाज माझ्या पोटातून पाच वाटांनी जातो. सर्वांत खालची वाट घोड्यांच्या टापांसारख्या जड आवाजांची, सर्वांत वरची तारेच्या किणकिणीची. कुठली वाट किती मोकळी ठेवायची हे ठरवतात रेझिस्टर, म्हणजे विजेच्या वाटेतले जवाच्या दाण्याएवढे अडसर. अडसर मोठा असला की त्या वाटेचा आवाज दबतो, लहान असला की उसळतो. माझ्या वरच्या वाटेला कुठला अडसर बसतो यावर एका म्हाताऱ्याचं सुख अवलंबून होतं.

तो म्हातारा म्हणजे तुर्दाकुन. त्यांची मुलगी बुरुल त्यांना अताके, म्हणजे बाबा, म्हणायची, म्हणून मीही अताकेच म्हणतो. नारीन नावाच्या डोंगराळ गावात नदीकाठच्या घरात ते जर्दाळूच्या लाकडाचा कोमुझ वाजवत. तारा तीनच, पण त्यांच्या हातात त्या कमी पडल्या नाहीत. मग त्यांचे कान उतरू लागले. नदी ऐकू यायची, ट्रक ऐकू यायचा, पण तारांची बारीक किणकिण गेली. एका सकाळी त्यांनी कोमुझ भिंतीवर टांगला आणि म्हणाले, “नुसतं लाकूड आहे. बोलत नाही माझ्याशी.”

बुरुल टेलिफोन कचेरीत दुरुस्तीचं काम करायची. तिला ते वाक्य लागलं. मोडीत निघालेल्या रेडिओंचे भाग काढून तिने मला बनवलं, एक मायक्रोफोन जोडला, विमानतळावरचे जुने हेडफोन आणले आणि बापाला समोर बसवलं. वरच्या वाटेत ती चिमटे लावून एकेक रेझिस्टर पारखू लागली.

“आलं का ऐकू, अताके?”

“काय आलं का?”

“कोमुझ हो!”

“घामाचा वास येतो या हेडफोनला.”

चहात दूध ओतत त्यांची बायको जान्यल म्हणाली, “तुझ्या डब्यापेक्षा मी ओरडते ते बरं. फुकट तरी आहे.”

आमच्याकडच्या जुन्या रेझिस्टरांवर रंगाचे पट्टे नसतात, अक्षरं असतात. के म्हणजे हजार, आणि तो दशांशाच्या टिंबाच्या जागी बसतो. ४के७ म्हणजे चार हजार सातशे. के४७ म्हणजे केच्या आधी काहीच नाही, म्हणून फक्त चारशे सत्तर. एवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

तीन रविवार गेले. २के२ लावला, अताकेंनी मान हलवली. १के लावला, तरी नाही. के३३ लावला तेव्हा मी असा किंचाळलो की कुत्रा पुलापर्यंत पळाला आणि थेट जेवायलाच परतला. मग बुरुलने के४७ लावला.

अताकेंनी तार छेडली आणि थांबले. कोमुझ वाजवताना बोटाचं नख लाकडावर घासतं, तो खरखराट त्यांना ऐकू आला होता. पुन्हा छेडली. त्यांचे डोळे भरून आले.

“पोरी,” ते म्हणाले, “माझं नख कापायला झालंय गं.”

त्यानंतरची बारा वर्षं माझी सुखाची होती. शेजारी मला बघायला यायचे आणि तळलेले बोर्सोक खाऊन जायचे. अताके रोज चहानंतर वाजवत. जान्यल सगळ्यांना सांगायची, “आधी मी बोललेलं याला ऐकूच यायचं नाही. आता ऐकू येतं आणि तरी हलत नाही.” मला खूप अभिमान वाटायचा, लपवू कशाला!

पुढे बुरुल अल्माटीला कामाला गेली. त्या शरद ऋतूत जान्यल गोधड्यांची चळत उतरवत असताना मी खाली पडलो आणि वरच्या वाटेचा रेझिस्टर तुटला. तिने धाकट्या जावयाला, आदिलेतला बोलावलं. तो मोबाईल दुरुस्त करायचा. हात सफाईदार, पण घाई फार. माझ्या झाकणाच्या आत बुरुलने चिकटवलेला जोडणीचा नकाशा त्याने पाहिला आणि के४७ वाचून आपल्या पाकिटातला सत्तेचाळीस के काढला. पिवळा, जांभळा, नारिंगी पट्ट्यांचा, अगदी नवा. चारशे सत्तरच्या जागी सत्तेचाळीस हजार! झाला डाग देऊन, झाला चहा पिऊन, गेला.

अताकेंनी हेडफोन चढवले आणि तार छेडली. वरची वाट बंद होती. त्यांनी माझी सगळी बटणं फिरवली, पुन्हा छेडली, मग हेडफोन काढून नीट घडी घातल्यासारखे ठेवले.

“डबा चांगला झालाय,” ते जान्यलला म्हणाले. “माझेच कान संपले.”

मित्रांनो, मला तोंड नाही याचं त्या दिवशीइतकं दुःख कधी झालं नाही. मला ओरडून सांगायचं होतं, अताके, तुमचे कान आहेत तसेच आहेत, मीच चुकीचा जोडला गेलोय! पण माझ्यातून दुसऱ्यांचाच आवाज जातो. कोमुझ पुन्हा भिंतीवर गेला. फोनवर बुरुल विचारायची, “वाजवतात ना?” आणि तिला काळजी नको म्हणून जान्यल सांगायची, “वाजवतात की.” सबंध हिवाळा मी खिडकीत धूळ खात बसलो. अताके माझ्याकडे पाठ करून बसत.

नौरुझला, वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, बुरुल घरी आली. तिने आधी आईला मिठी मारली, मग भिंतीकडे पाहिलं. कोमुझच्या तारांवर धूळ होती.

“अताके, हे काय?”

“वय झालं, पोरी. आता नाही येत ऐकू.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. जान्यलने, आदिलेतने, दारातल्या शेजाऱ्यानेसुद्धा. बुरुलने मात्र मान डोलावली नाही. तिने मला उचललं आणि झाकण उघडलं. तीन रंगीत पट्टे पाहून तिने त्यांवर बोट ठेवलं.

“आदिलेत, हा कुठून आणलास?”

“नकाशात बघूनच बसवला, एजे. के सत्तेचाळीस. सत्तेचाळीस के. एकच ना ते?” बुरुलला तो एजे, म्हणजे ताई, म्हणायचा.

“एकच? तुला ‘शंभर घोडे’ आणि ‘एक घोडा’ एकच वाटतात का रे?”

त्याचे कान लाल झाले. “एजे, मग अताकेंनी सबंध हिवाळा… माझ्यामुळे?”

बुरुलने जुन्या रेडिओतून के४७ काढला आणि सोल्डरचा तापलेला दांडा आदिलेतच्याच हातात दिला. त्याने श्वास रोखून डाग दिला. यावेळी घाई केली नाही.

अताके हेडफोन घ्यायला तयार नव्हते. पुन्हा हरायची त्यांना भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. शेवटी जान्यलनेच ते त्यांच्या कानांवर बसवले. त्यांनी कोमुझ मांडीवर घेतला, तार छेडली आणि आपल्या बोटाकडे पाहिलं.

“जान्यल,” ते म्हणाले, “कात्री आण. नख केवढं वाढलंय बघ.”

जान्यल कात्री आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आता माझ्या झाकणावर, उंटाच्या कापलेल्या पायांच्या जागी, लाल रंगात मोठा के काढलाय आणि त्याच्या नंतर सत्तेचाळीस. तो आदिलेतने स्वतः रंगवला. माझं वय झालंय, पत्रा गंजतोय, तरी तुमच्याकडे एवढंच मागतो. घरातलं एखादं म्हातारं माणूस हळूच म्हणालं की आता मला जमत नाही, तर मान डोलावून गप्प बसू नका. आधी डबा उघडून बघा.