रक्ताचं किती, गवताचं किती

“काय वं संध्या, ही गाय दूध किती देते?”

फाटकावरून डोकं काढलेल्या, मलईच्या रंगाच्या त्या धिप्पाड जनावराकडे विद्याताईंनी बोट दाखवलं आणि त्यांची नात मुक्ता खो खो हसत सुटली.

“आजी, दॅट्स अ बॉय!”

“मंग? मले त्याचं नुसतं थोबाड दिसून राह्यलं ना!”

संध्याही हसली, पण कसंनुसं. चूक तिचीच होती. आयर्लंडमध्ये लिमरिकजवळच्या एका कार्यालयात ती गुरांच्या नोंदींवर संख्याशास्त्राचं काम करायची, आणि फोनवर एकदा घाईघाईत तिनं आईला सांगितलं होतं, “गायींच्या उत्पादनाचं काम आहे गं.” आता उत्पादन म्हटल्यावर नागपुरात दुसरं काय डोळ्यांपुढे येणार? विद्याताईंनी उत्पादनाचं दूध केलं, दुधाची गोसेवा केली, आणि कॉलनीच्या महिला मंडळानं गोसेविका संध्याचा ऑनलाइन सत्कारसुद्धा ठरवून टाकला. तोही उद्याच! आई नागपूरहून आल्यापासून संध्याच्या घरात अंडी ‘प्रेस’मध्ये, म्हणजे तिकडच्या भाषेत कपाटात, रव्याच्या डब्यामागे लपून बसली होती. तिथं मांसाचा विषय काढायचा तरी कसा?

आणि गायी पाहायच्याच म्हणून आईनं हट्ट धरल्यामुळे आज तिघी डोनल नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे आल्या होत्या.

डोनलनं वळूच्या पाठीवर थाप मारली. “ग्रँड लॅड, दिस वन!” म्हणाला, आणि मग कौतुकानं भडाभडा बरंच काही बोलला.

“काय म्हणून राह्यले हे भाऊ?”

मुक्तानं आईकडे पाहिलं. ‘फार गुणी आहे म्हणतात’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. संध्यानं तोंड उघडलंही तेवढ्यासाठीच.

“आई, ते म्हणतात, याच्या पोरांचं मांस जास्त भरतं. माझं काम तेच आहे. दुधाचं नाही.”

विद्याताईंचा हात फाटकावरून खाली आला.

“म्हंजे कापाले पाठवतेत?”

“हो.”

“तू कापते?”

“नाही गं! मी हिशेब करते.”

“कायचा?”

संध्या आता सुटलीच. “समज, एकाच वळूची दोन पोरं. एक इथं या गुडघाभर गवतात वाढलं, दुसरं दलदलीच्या माळावर. दोघांचं मांस सारखं भरत नाही. मग त्यातलं बापाकडून आलेलं किती आणि गवताचं, खुराकाचं, हवेचं किती, हे मी वेगळं काढते. रक्ताचा वाटा निम्म्याच्या आतच निघतो. हे वेगळं काढलं नाही, तर खराब असतं कुरण आणि लोक जनावराला नावं ठेवतात.”

विद्याताईंनी फाटकावरून वाकून वळूच्या पायाखालचं गवत पाहिलं.

“म्हंजे तुह्या भावाले, पियूषले, मी उगाच बोलते, बापावर गेला म्हणून. त्याले त्या हॉस्टेलच्या खानावळीनं बिघडवला!”

“मामा इज प्युअर जेनेटिक्स,” मुक्ता म्हणाली, आणि आजीचा धपाटा खाल्ला.

परतताना गाडीत विद्याताईंनी फोन काढला.

“आई, सत्काराचं… माझी मीटिंग निघाली म्हणून सांग ना.”

“काहून? चोरी केली का तू?” त्यांनी मंडळाच्या अध्यक्षबाईंसाठी ग्रुपवर व्हॉइस मेसेज सुरू केला आणि फोन तोंडाजवळ धरला. “नंदिनीताई, मी विद्या बोलून राह्यली. उद्याचा सत्कार राहू द्या. माझी संध्या मांसाच्या गुरांचा हिशेब करते, दुधाच्या नाही. मीच चुकीचं सांगितलं तुमाले. मले बी ते आवडलं नाही. पण काम डोक्याचं आहे, अन् ते तिले येते.”

संध्याला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. तिनं वेग कमी केला.

मेसेज गेला. एकेकीनं ऐकल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर कुणाचंच आलं नाही.

विद्याताईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि काच खाली केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुरं चरत होती. प्रत्येक कुरण आलं की त्या मान वळवून, ते मागे पडेपर्यंत बघत होत्या.