मांजरीचा चावा

गोठ्यातली मांजर ऑरिनला चावली, तेव्हा मर्नानं नवऱ्याचा हात नळाखाली धरून साबणानं बराच वेळ धुतला आणि पट्टी बांधली. मधल्या बोटाच्या सांध्यावर सुईनं टोचल्यासारखी दोन भोकं होती, बस्स. मांजरीला लस टोचलेली होती, त्यामुळे रेबीजची काळजी नव्हती.

"दात बारीक असला तरी खोल जातो," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवू या."

"तू असताना डॉक्टर कशाला?"

मर्ना गावच्या अग्निशमन दलात प्रथमोपचाराचं काम करणारी स्वयंसेवक होती. व्हरमॉन्टच्या त्या डोंगराळ गावात कुणाचं बोट भाजलं, गुडघा फुटला की माणूस तिच्याच स्वयंपाकघरात यायचा. नवऱ्याच्या बोलण्यानं ती सुखावली आणि तिनं तो दिवस तसाच जाऊ दिला.

सकाळी पट्टी सोडली तर बोट सॉसेजसारखं फुगून लाल झालेलं. सरळ करायला गेली, तर ऑरिन कळवळून ओरडला.

"घट्ट बांधलीस काल. आता मलम जास्त लावून सैल बांध."

मर्नानं पेटी बंद केली. "नाही बांधणार. दुखणं सांध्यात शिरलंय, तिथं माझं मलम पोचत नाही. गाडीत बस."

"वेडी झालीस का? चुलाण पेटलंय!"

मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून पाक करायचा हंगाम भरात होता. शेडमध्ये काहील उकळत होती. दुर्लक्ष झालं की रस करपून काहीलही जाणार.

"लेलंडला बोलावते."

लेलंड हा ऑरिनचा चुलतभाऊ. बांधावरच्या झाडांवरून दोघांचं बोलणं कधीच तुटलं होतं.

"त्याचं पाऊल माझ्या शेडमध्ये पडता कामा नये!"

मर्ना तडक शेडमध्ये गेली, ऑरिन तिच्या मागोमाग. बाहेर जाऊन तिनं फावडंभर बर्फ उचलून आणलं आणि चुलाणाचं दार उघडलं.

"मर्ना! ठेव खाली ते!"

"पाक जाऊ दे. हात जाऊ देणार नाही. बोल, विझवू का फोन करू?"

ऑरिननं तिच्याकडे पाहिलं. हात छातीशी धरून तो बाकावर टेकला. "कर फोन."

लेलंड चिखलाचे बूट घालूनच आला. बोट पाहून त्याचा चेहरा उतरला.

"चमच्यावरून पाक पडद्यासारखा पडला की काढ," ऑरिन भिंतीकडे बघत म्हणाला.

"मला शिकवतोस होय? तुझ्या बापानंच शिकवलंय मला. जा आता."

चिखलात गाडी दोनदा रुतली. मर्नानं चाकांखाली फळ्या सारल्या, पण माघारी वळली नाही. तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी बोट पाहिलं आणि थेट शस्त्रक्रियेची तयारी सुरू केली. सांध्यात पू झाला होता.

"बोट राहील ना?" ऑरिननं पहिल्यांदाच घाबरून विचारलं.

"राहील. पण पूर्ण वळेल असं सांगत नाही."

शस्त्रक्रिया होऊन ते घरी आले तेव्हा लेलंड डोकं खाजवत उभा होता. "एक खेप करपली माझ्याकडून."

ऑरिननं तोंड उघडलं, मर्नाकडे पाहिलं, आणि मिटलं. मग म्हणाला, "लाकडं आत आण. मला उचलता येत नाहीत."

उरलेला हंगाम लेलंडनंच काढला. ऑरिन बाकावरून हुकूम सोडायचा, तो शिव्या घालत ऐकायचा. बोट थोडं वाकडंच राहिलं. मर्नाकडे लोक अजून येतात. ती जखम धुते, नीट पाहते, आणि कधी कधी पट्टीऐवजी गाडीची किल्ली उचलते. मग कुणी कितीही हुज्जत घालो.